पट्टी काढायच्या खोलीतलं तळं

माझा भाचा भर दुपारी तळ्याचा फोटो काढून आणतो आणि संध्याकाळपर्यंत त्या तळ्यात कुणीतरी बुडालेलं असतं. खरोखर कुणी बुडत नाही, पण बघणाऱ्याला तसंच वाटतं. आभाळ काळवंडलेलं, पाणी शिशासारखं, काठावरची झाडं अंग चोरून उभी. मूळ फोटोत मात्र ऊन असतं, निळं आभाळ असतं, आणि झाडं आपापल्या जागी बरी असतात.

लहानपणी चालताना तो सारखा वर बघायचा आणि ठेचकाळायचा, म्हणून त्याचं नाव आभाळ्या पडलं. आता त्याचं लग्न झालंय, पोट सुटलंय, पण नाव काही सुटलं नाही. माझं फ्रेमांचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, काच कापायच्या बाकाला लागून त्याचं टेबल आणि त्यावर लॅपटॉप. त्यामुळे आभाळाचं काय काय होतं ते मी रोज बघतो.

आधी तो सावल्या गडद करतो. मग हिरव्या रंगातला जीव काढून घेतो, इतका की गवत आठवडाभर तापात पडल्यासारखं दिसायला लागतं. मग कडा काळ्या करतो. शेवटी मूळ आभाळ काढून टाकतो आणि दुसरं बसवतो. माझ्याकडे जसे फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने टांगलेले असतात, तशी त्याच्याकडे आभाळं साठवलेली आहेत. वादळापूर्वीचं, वादळानंतरचं, वादळ यायचं राहून गेल्याचं. निळं एकही नाही.

तळ्याचा तो मोठा फोटो करत होता तेव्हा मी शेजारी काच कापत होतो. विजेचे खांब गेले, तारा गेल्या, पलीकडच्या काठावरची पाण्याची टाकी गेली. काठाशी एक बाई बादली घेऊन उभी होती. मी काचेवरून नजर उचलली तर तीही नाही.

“बाई कुठे गेली?” मी विचारलं.

“काढली. तिच्यामुळे एकटेपणा येत नव्हता.”

“अरे, ती पाणी न्यायला आली होती.”

“मामा, हे तळं असं बघा की तिथे कधी कुणी गेलेलंच नाही.”

“मग फोटो कुणी काढला?”

त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चुकून कंगवा मागायला आलेल्या टकल्या गिऱ्हाइकाकडे पाहीन. फोटोला वातावरण लागतं, एवढंच म्हणाला आणि आभाळ आणखी थोडं खाली ओढलं.

लोकांना ते आवडायचं हे मात्र खरं. त्याने फोटो फोनवर टाकला की खाली लोक लिहायचे, अंगावर काटा आला, पोटात खड्डा पडला, आज जेवण गेलं नाही. जितक्या जणांचं जेवण राहील तितका तो खूश. पण भिंतीवर लावायला कुणी नेत नसे. पोटात खड्डा पाडणारी वस्तू घरात, जेवायच्या टेबलासमोर कोण लावणार?

घरातली एकच व्यक्ती त्याचा प्रत्येक फोटो हातात घेऊन मनापासून छान म्हणायची. ती म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. ताई सगळा जन्म शिवणकाम करत आली. सदऱ्यांच्या कॉलर, उशांचे अभ्रे, पडदे, आणि मुख्य म्हणजे हाताने केलेली बटणांची काजं. तिची काजं बघून दुसरे शिंपी आपली लपवायचे. पण गेल्या काही वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, आणि नेमक्या त्याच वर्षांत मुलगा कलाकार होत गेला. फोटो डोळ्यांजवळ धरून ती म्हणायची, “छान आलाय रे. माझ्याच डोळ्यांत धूर आहे, तुझा फोटो लख्ख असणार.” आभाळ्याला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू यायचं.

तो फोटोवर नेमकं काय करतो हे ताईला कधी कळलं नव्हतं. आमच्या तरुणपणी फोटो धुवून मिळायचे. तिची समजूत अशी, की पोरगा दिवसभर बसून फोटो धुतो. गल्लीत ती तसंच सांगायची, आणि वर सांगायची की इतका वेळ धुतो म्हणजे किती स्वच्छ निघत असतील.

सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिला स्पष्ट बोलायची सवय आहे. ती मला म्हणाली, “मामा, आईंच्या मोतीबिंदूवर याची सगळी कला उभी आहे. तेवढं ऑपरेशन झालं की ही इमारत खाली येणार.”

मी हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

त्याच सुमारास डोळ्यांच्या दवाखान्याचे मॅनेजर माझ्या दुकानात आले. दवाखान्याला नवा मजला चढला होता. हे गृहस्थ आधी एका हॉटेलात होते, तिथून इथे आले. हॉटेलात गिऱ्हाईक परत यावं म्हणून खटपट असते आणि दवाखान्यात परत येऊ नये म्हणून, एवढा फरक सोडला तर काम तेच आहे असं ते सांगायचे. आपलं एक प्रमाणपत्र फ्रेम करायला घेऊन आले होते. भिंतीला टेकवून ठेवलेले आभाळ्याचे फोटो त्यांनी पाहिले आणि प्रमाणपत्र विसरले.

दवाखान्यात तोवर एक फळांची टोपली आणि एक मांजराचं पिल्लू टांगलेलं होतं. मॅनेजरना ते उथळ वाटत होतं. त्यांचं म्हणणं असं, की रुग्ण आत आला की त्याने गंभीर झालं पाहिजे, कारण गंभीर झालेला रुग्ण फार प्रश्न विचारत नाही. आभाळ्याचे फोटो बघताच ते स्वतः इतके गंभीर झाले की मी त्यांना बसायला स्टूल दिलं. सगळ्या मजल्याची ऑर्डर तिथल्या तिथे ठरली.

मी फ्रेमा केल्या, मीच जाऊन टांगल्या. नाव नोंदवायच्या खिडकीजवळ धुक्यात नाहीसा होणारा रस्ता. चष्म्याच्या काउंटरवर एकच एक वाळकं झाड. आणि ऑपरेशननंतर पट्टी काढायच्या खोलीत ते तळं, सगळ्यांत मोठं, रुग्णाच्या खुर्चीच्या बरोबर समोर. का, तर ती भिंत रिकामी होती. त्या खोलीच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, म्हणून पडदा कायम ओढलेला. खोलीत बसून लांबचं असं काही दिसत असेल तर ते एवढं तळंच.

डॉक्टरीणबाई कामाला पक्क्या. पण त्या रुग्णाच्या डोळ्यांत बघत उभ्या राहतात आणि भिंत त्यांच्या पाठीशी असते. समोर काय टांगलंय हे त्यांनी पुष्कळ दिवस वळून पाहिलंच नव्हतं.

पहिला आरडाओरडा एका निवृत्त बस ड्रायव्हरने केला. पट्टी निघाली, त्याने बायकोला ओळखलं, बाजूच्या तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचली, डॉक्टरीणबाईंच्या नाकावरचा तीळसुद्धा सांगितला. मग मान सरळ करून समोर पाहिलं. समोर धुकं आहे, असं म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घातलं, बॅटरी मारली, डोळा आरशासारखा स्वच्छ. ड्रायव्हर ऐकेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. जवळचं सगळं दिसतंय, लांबचं गेलं. धुकं म्हणजे काय हे मला शिकवू नका, उभा जन्म धुक्यात गाडी हाकली आहे. आणि ड्रायव्हरला जवळचं घेऊन काय करायचंय, आरशात तोंड बघायचंय?

त्याच्या बायकोने त्याला ओढत बाहेर नेलं. बाहेर काळा चष्मा लावायची सक्ती, त्यामुळे रस्तासुद्धा काळाच दिसला आणि त्याची खात्री पटली. मग दुसरे, तिसरे तसंच सांगायला लागले. नव्या डोळ्याने माणूस पहिल्यांदा लांब बघतो आणि लांब तर सगळी संध्याकाळ. गावात बोलणं पसरलं की त्या दवाखान्यात जवळचं देतात आणि लांबचं काढून घेतात.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी वळून पाहिलं आणि चित्र उतरवायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, डोळा तुमच्याकडे, भिंत माझ्याकडे. चित्र उतरवलं तर आपली चूक कबूल केल्यासारखं होईल. त्यापेक्षा त्यांनी चित्राखाली एक पाटी लावायचं ठरवलं. पाटीचा मजकूर होता, ‘हे चित्र मुळातच अंधुक आहे. आपली दृष्टी उत्तम आहे.’

आभाळ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंधुक हा शब्द काढल्याशिवाय तो जागचा हलेना. बरीच ओढाताण होऊन ‘हे चित्र वातावरणप्रधान आहे’ असं ठरलं. ते कुठल्याच रुग्णाला कळलं नाही. कळण्याचा प्रश्नही नव्हता, कारण पाटी सुबक दिसावी म्हणून अक्षरं इतकी बारीक घेतली होती की ती फक्त मॅनेजरना वाचता येत. पाटीची फ्रेमही माझ्याकडूनच गेली.

इकडे ताईने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही मनगटाशी शिवून बंद करून टाकली. तो माणूस हात घालून बसला आणि हात बाहेर येईना. ताई त्या दिवशी हसली, पण संध्याकाळी मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला दवाखान्यात घेऊन चल. डोळे गेले तर चालेल, पण काम गेलं तर मी दिवसभर या घरात करू काय?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आधी उजव्याचं ऑपरेशन, मग काही आठवड्यांनी डाव्याचं. डावा फार पिकलाय, त्याला उशीर करू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. गावातलं बोलणं ताईच्याही कानावर होतं. तिने ते उडवून लावलं. तो ड्रायव्हर पहिल्यापासूनच तसा, स्टॉपवर हात केला तरी गाडी थांबवायचा नाही, म्हणाली. शिवाय समोर आपल्या मुलाने काढलेला फोटो आहे हे तिला माहीत होतं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा तोच बघायचा म्हणून ती लहान मुलीसारखी आतुर झाली होती.

पट्टी काढायच्या दिवशी आभाळ्या दाढी करून आला. सूनबाईने दुकानातून सुट्टी घेतली होती. मला वाटतं, मुख्यतः गंमत बघायला.

पट्टी निघाली. ताईने डोळा मिचकावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगंबाई, तू एवढा म्हातारा कधी झालास?” सगळे हसलो. सुनेकडे बघून म्हणाली, तू सावळी नाहीस की गं, मला आपलं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, तिने मोजली. मग त्या बाजूला झाल्या आणि ताईने समोर पाहिलं.

चेहरा उतरणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. पापणी मिटली, उघडली, पुन्हा पाहिलं. आभाळ्या शेजारी उभा राहून वाट बघत होता. “कसा वाटतो, आई?” त्याने विचारलं.

“छान,” ताई म्हणाली. रोजच्यासारखंच म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला जवळ बसवलं आणि सांगितलं की दुसरा डोळा ती देणार नाही. ड्रायव्हर खरं बोलत होता. जवळचं लख्ख झालंय, लांबचं पार गेलंय. पोराचं तळं आधीपेक्षाही काळं दिसलं. ते तळं तिने तरुणपणी पाहिलेलं होतं, तिथे असला धूर कधीच नव्हता. आता डाव्या डोळ्यात थोडंफार जे काही उरलंय ते ती त्या लोकांच्या हातात देणार नव्हती.

मी म्हटलं, अगं, तो फोटोच तसा आहे. तर माझ्यावरच उलटली. मामा असून भाच्याच्या कामाला नावं ठेवतोस, म्हणाली, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आमची गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घराच्या खिडकीपलीकडे लांबचं काही दिसतच नाही. गल्लीबाहेर पडायचं तर काळा चष्मा. तिची समजूत खोडून काढायला आख्ख्या घरात एक वस्तू नव्हती.

मी आणि सूनबाईने मिळून आभाळ्याला धरलं. आईला तूच सांग, म्हटलं. त्याला ते फार जड गेलं. दोन दिवस सांगतो सांगतो म्हणत टाळलं, मग सूनबाईने सांगितलं की डाव्या डोळ्याचं बरंवाईट झालं तर त्या डोळ्यासमोर तुझा कुठला फोटो धरशील ते आत्ताच ठरवून ठेव. तेव्हा तो उठला.

ताई खुर्चीत बसली होती. हा समोर जमिनीवर बसला.

“आई, तुझा डोळा चांगला आहे. तळं मी काळं केलंय.”

“तू कशाला काळं करशील?”

“मुद्दाम करतो. ऊन काढून टाकतो. ढग घालतो.”

ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्यासाठी स्वतःच्या कामाला कमीपणा घेऊ नकोस, बाळ. माझा मुलगा भर दुपारचं तळं सुतकी करून ठेवील? एवढा कुणी वेडा असतो का?”

सूनबाई उठून आत गेली. आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत होता, तो खोकला नव्हता हे मला माहीत आहे.

मग मूळ फोटो काढायचं ठरलं. हात न लावलेला, कॅमेऱ्यातून आला तसा. मी तो मोठा करून आणला, चांगल्या पट्टीत बसवला, ताईच्या हातात दिला. ऊन, निळं आभाळ, खांब, तारा, टाकी, बादलीवाली बाई, सगळं जागच्या जागी. ताईने तो हातभर लांब धरून नीट पाहिला. आम्हाला वाटलं, सुटलो.

“हा तू आत्ता बनवलास,” ती म्हणाली.

आभाळ्या म्हणाला की हाच खरा आहे. ताईने विचारलं, ढग घालता येतात असं तूच म्हणालास ना? मग ऊनही घालता येत असेल. त्याला हो म्हणावं लागलं, कारण ऊनही घालता येतं. तिने बोटाने एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. हे खांब कुठून आणलेस? दवाखान्यातल्या फोटोत नव्हते. ही टाकी कुणाची? आणि ही बाई कोण, हिला कशाला उभी केलीस? तळ्याकाठी कुणी नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फोटो तिने परत दिला. मला बरं वाटावं म्हणून एवढी मेहनत केलीस, पण मी लहान नाही, असं म्हणाली.

आभाळ्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. आयुष्यात एकदा त्याने फोटोला हात लावला नव्हता आणि तोच नकली ठरला होता. लॅपटॉप उघडलाच नाही. मी काच कापत राहिलो. मला त्याची दया आली आणि हसूही आलं, आणि एकाच वेळी दोन्ही आलं की माणूस काचेकडे बघत राहतो.

तिकडे दवाखान्यातून डाव्या डोळ्यासाठी निरोप येत होते. ताई प्रत्येक वेळी बरं वाटत नाही म्हणून सांगायची. डाव्या डोळ्याने आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. शेवटी काळ्या चष्म्याची सक्ती उठली, त्या आठवड्यात आभाळ्या म्हणाला, आईला तळ्यावरच नेऊ. तिथे मी काही करू शकत नाही.

तळं म्हणजे बसचा अगदी शेवटचा थांबा. जाताना ताईने चष्मा काढला नाही. आता लागत नाही, असं सांगितलं तरी काढला नाही. मला कळलं की ती घाबरली आहे. चष्मा आहे तोवर काळं दिसण्याला काहीतरी कारण असतं.

आम्ही उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काठावर एक तरुण जोडपं कॅमेरा घेऊन फिरत होतं. त्यांनी मला फोनवर एक फोटो दाखवला आणि हे तळं कुठे आहे म्हणून विचारलं. आभाळ्याचाच फोटो होता. मी म्हटलं, हेच. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या म्हाताऱ्याला काही कळत नाही असं ठरवून पुढे गेले. आभाळ्या तोंड फिरवून उभा राहिला. आपली ओळख काही दिली नाही.

ताई काठावरच्या दगडावर बसली. बराच वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली आणि मग चष्मा काढला.

मी पाण्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडेच बघत होतो. ती आधी जवळचं बघत होती, गवत, दगड, माझे बूट. मग हळूहळू नजर वर नेली. पाण्यावरून पलीकडे, पलीकडच्या काठावरून टेकडीवर. “तिथे कुणी कपडे वाळत घातलेत,” ती म्हणाली. “एक सदरा उलटा घातलाय.” मी पाहिलं तर मला नुसती दोरी दिसली. माझे डोळे तपासायला झाले आहेत हे मला तिथे कळलं.

ती टाकीकडे बघत राहिली. खांब बघितले. मग आभाळ्याकडे वळली.

“म्हणजे हे असं होतं, आणि तू तसं केलंस.”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. मला तसं आवडतं.”

“मी एवढी वर्षं छान छान म्हणत होते, ते काय होतं?”

“तेच,” आभाळ्या म्हणाला. “तसलेच सगळे.”

ताई रागावली असेल असं वाटलं, पण ती काहीतरी जुळवत होती, कापड बेतताना जुळवते तसं. मग तिने सांगून टाकलं. “परवाच दवाखान्यात जाऊ. डावा करून घेते. मग दोन्ही डोळ्यांनी नीट बघते, तू आजवर काय काय करून ठेवलंयस ते.”

माझा जीव भांड्यात पडला. भाच्याचा मात्र तिथून उडाला. आजवर आईला न दिसणारे फोटो तो तिला बिनधास्त दाखवत आला होता. आता दिसणारे दाखवायचे होते. दुसऱ्याच दिवशी तो दवाखान्यात गेला आणि तळं त्या खोलीतून हलवा म्हणून मॅनेजरच्या हातापाया पडायला लागला. मॅनेजर म्हणाले की ते आता शक्य नाही, खोलीची ओळखच ती झाली आहे. तक्रारी कमी झाल्या आहेत, कारण लोक आता आधीपासूनच काळं दिसणार हे धरून येतात. त्यांनी आभाळ्याला स्वतःच्या कलेवर विश्वास ठेवायला सांगितलं.

डाव्या डोळ्याची पट्टी काढली त्या दिवशी आभाळ्या दाढी न करताच आला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली, डोळा पुसला, बाजूला झाल्या. ताईने या वेळी आमच्याकडे कुणाकडे पाहिलं नाही. खुर्चीतून उठली आणि सरळ चित्राजवळ जाऊन उभी राहिली. पाटीही वाचली, ओठ हलवत, सगळी. मग मागे सरकली, पुन्हा जवळ गेली.

“किती स्वच्छ दिसतोय अंधार,” ती म्हणाली, आणि खूश झाली. डॉक्टरीणबाईही खूश झाल्या.

आभाळ्या खाली बघत होता. ताईने बोट ठेवलं. “ही ढगाखालची उजेडाची रेघ तू घातलीस?”

“हो.”

“ती चांगली आहे. तिच्यामुळे टेकडीची कड वर उचलली जाते.” मग बोट खाली आणलं. “हा कोपरा बिघडवलास. इथे नुसतं डांबर झालंय. आणि या झाडाची सावली इकडे कशी? उजेड तिकडून येतोय ना?”

आभाळ्याने मान वर केली. इतक्या वर्षांत कुणी त्याला असं विचारलं नव्हतं. “आई, सावली महत्त्वाची नाही. इथे वातावरण आहे.”

“वातावरण असलं म्हणून सावली उलटी पडते का?”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“मला उलटं-सुलटं कळतं. जन्मभर तेच केलंय.”

तो चित्राच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि कोपरा का काळा हवा ते तिला समजावायला लागला. ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, नाही म्हणून. दोघांचे आवाज चढले. दारात मॅनेजर येऊन उभे राहिले, पण कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या की डोळा उत्तम आहे, आणि सावलीचं काय ते घरी जाऊन ठरवा, बाहेर पुढचा रुग्ण पट्टी बांधून बसलाय. तेव्हा कुठे ती दोघं बाहेर पडली. जिन्यावरून खाली जाईपर्यंत ताई त्याला तो कोपरा पुन्हा धुवायला सांगत होती.